एस्टर म्हणजे काय? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना ‘एस्टर’ या एका शब्दावर मला जितके प्रश्न आले, तितके दुसऱ्या कुठल्याच शब्दावर आले नाहीत. दहावी-बारावीची मुलं विचारतात, त्यांचे बागायतदार पालक विचारतात, होडीचं काम करणारेही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

एस्टर म्हणजे नेमकं काय?

आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांना जोडले गेले आणि त्या जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की जे उरतं ते एस्टर. जोडाची रचना अशी: एक कार्बन घ्या. त्याला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आहे आणि दुसरा ऑक्सिजन एकेरी बंधाने. या दुसऱ्या ऑक्सिजनच्या पलीकडच्या हाताला पुन्हा कार्बनचीच साखळी आहे. पहिल्या कार्बनकडची बाजू आम्लातून आलेली, ऑक्सिजनच्या पलीकडची साखळी अल्कोहोलमधून आलेली.

मी वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवतो: एस्टर हे जोडाचं नाव आहे. केळ्याचा वास, खोबरेल, होडीचं फायबर, ॲस्पिरिनची गोळी यांत दिसायला काहीही साम्य नाही, पण चारही ठिकाणी हाच जोड आहे. तो पाणी सोडून बनतो आणि पाणी घेऊन तुटतो. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

मग पुस्तकात ‘गोड वासाचे पदार्थ’ असं का शिकवतात?

कारण शाळेत जे एस्टर हाताळले जातात ते लहान रेणूंचे असतात, आणि लहान एस्टरांना खरोखरच फळांसारखा वास असतो. ही व्याख्या मात्र नव्हे. वास हा परिणाम आहे, आणि तोही काही एस्टरांपुरताच.

वास येण्यासाठी रेणू उडून नाकापर्यंत पोचावा लागतो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल घ्या. रेणुभार ६०, उत्कलनबिंदू ११८ अंश सेल्सिअस. त्याच आम्लापासून केलेलं इथाइल ॲसिटेट घ्या. रेणुभार ८८, म्हणजे जड, तरी ७७ अंशांनाच उकळतं. आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून बसतात. एस्टरात ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन उरत नाही, त्यामुळे ती पकड सुटते आणि रेणू सहज हवेत जातो. साखळी लांब झाली की हे उडणं थांबतं. खोबरेलात एस्टराचे जोड खचाखच भरलेले आहेत, पण त्याचे मुख्य रेणू नाकापर्यंत पोचतच नाहीत. खोबरेलाला जो वास येतो तो त्यात अत्यल्प असणाऱ्या दुसऱ्या, हलक्या रेणूंचा. त्यांच्याबद्दल पुढे येईल.

हा शब्द आला कुठून? मराठीत एस्टर लिहायचं की ईस्टर?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लेओपोल्ड ग्मेलिन यांनी १८४८ साली तो रूढ केला. इथाइल ॲसिटेटला जर्मनमध्ये ‘एसिग-एथर’ म्हणत, म्हणजे व्हिनेगरचा ईथर. त्या दोन शब्दांच्या संकोचातून ‘एस्टर’ झाला असं मानतात. मराठीत दोन्ही लेखनं आढळतात. मी ‘एस्टर’ लिहितो, कारण ‘ईस्टर’ वाचलं की मुलांना आधी सण आठवतो. उत्तरपत्रिकेत मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकात असेल तेच लिहा.

एस्टर आणि ईथर यांत गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवायचा?

ईथरमध्ये एकच ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसलेला असतो, बस. एस्टरात त्या दोनपैकी एका कार्बनवर आणखी एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने असतो. हा जास्तीचा ऑक्सिजनच सगळा फरक घडवतो. त्याच्यामुळे तो कार्बन किंचित धनभारित होतो, पाण्याला किंवा अल्कलीला तिथे हल्ला करता येतो आणि एस्टर तुटतं. ईथर सहजासहजी तुटत नाही.

आपल्या किनाऱ्यावर याचं सुंदर उदाहरण आहे. केवडा आणि मोगरा दोन्ही सुवासिक, म्हणून दोन्हींत एस्टर असणार असं मुलं गृहीत धरतात. मोगऱ्याच्या कुळातल्या जाई-जुईसारख्या फुलांच्या सुगंधात बेंझाइल ॲसिटेट हे एस्टर ठळक असतं. केवड्याच्या तेलात सर्वांत मोठा वाटा असतो तो फिनाइलइथाइल मिथाइल ईथरचा. खाडीकाठच्या केवड्याच्या बनात जो घमघमाट येतो तो मुख्यतः ईथरचा.

नाव कसं वाचायचं? ‘मिथाइल इथॅनोएट’ आणि ‘इथाइल मिथॅनोएट’ एकच का?

नाही. नावाचा पहिला शब्द अल्कोहोलकडून येतो, ‘-ओएट’ किंवा ‘-एट’ हा शेवट आम्लाकडून. मिथाइल इथॅनोएट म्हणजे मिथॅनॉल आणि इथॅनॉइक आम्ल यांचा जोड. इथाइल मिथॅनोएट म्हणजे इथॅनॉल आणि मिथॅनॉइक आम्ल यांचा. दोघांचं रेणुसूत्र सारखं, रचना वेगळी, म्हणून ते समघटक. परीक्षेत गुण जातात ते इथेच. रचना उलटी काढून दिली असेल तर आधी दुहेरी बंधाचा ऑक्सिजन शोधा. तो ज्या कार्बनवर आहे ती आम्लाची बाजू.

एक सावधगिरी. ‘-एट’ शेवट लवणांनाही असतो. कोकम सरबताच्या बाटलीवर लिहिलेलं सोडियम बेंझोएट हे एस्टर नाही, लवण आहे. नावाच्या सुरुवातीला धातूचं नाव असेल तर लवण, मिथाइल-इथाइल असं काही असेल तर एस्टर.

फणसाचा, केळ्याचा, हापूसचा वास एस्टरांचाच ना?

फणसाच्या बाबतीत होय, आणि ठामपणे होय. पिकलेल्या फणसाच्या वासात ब्यूटाइल ॲसिटेट, आयसोअमाइल ॲसिटेट, इथाइल आयसोव्हॅलरेट असे एस्टर एकत्र असतात. म्हणून फणस माजघरात ठेवला तरी वाडीच्या टोकाला कळतं. यातलं आयसोव्हॅलरिक आम्ल नुसतं हुंगलं तर घामट मोज्यांसारखा वास येतो. तेच इथॅनॉलशी जोडलं गेलं की फळासारखं गोड होतं. हे मुलांना सांगतो तेव्हा वर्ग पहिल्यांदा नाक मुरडतो आणि मग ऐकायला लागतो.

केळ्यात आयसोअमाइल ॲसिटेट प्रमुख. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना धोक्याची सूचना देणारं जे मिश्रण सोडते, त्यातही हेच एस्टर असतं. मधपेट्या ठेवणाऱ्यांनी केळं खाऊन लगेच पेटी उघडू नये, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

हापूसचं तसं नाही. त्याच्या गंधात मोठा वाटा टर्पीन वर्गाच्या संयुगांचा. अढीत आंबा पिकू लागतो तशी त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वाढत जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधाचा असा टप्प्याटप्प्याने अभ्यास झालेला आहे. लॅक्टोन म्हणजे स्वतःशीच जोडलं गेलेलं एस्टर. एकाच रेणूच्या एका टोकाला आम्ल, दुसऱ्या टोकाजवळ अल्कोहोल, आणि दोघं वळून एकमेकांना धरतात, कडं तयार होतं. ओल्या खोबऱ्याचा, खोबरेलाचा जो ओळखीचा वास, तोही लॅक्टोनांचा.

बिस्किटांतल्या नारळी स्वादासाठी जो गॅमा-नोनालॅक्टोन वापरतात, त्याला सुगंधाच्या व्यापारात अजूनही ‘आल्डिहाइड सी-१८’ म्हणतात. तो आल्डिहाइड नाही आणि त्यात १८ कार्बनही नाहीत, ९ आहेत. व्यापारी नावावरून रचना ठरवू नका.

खोबरेल आणि मुठेल हे एस्टर कसे? दोन्ही नुसती तेलंच ना?

तेल-चरबीची घडण फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडून दाखवली. ग्लिसरॉल हे तीन हातांचं अल्कोहोल आणि मेदाम्लं यांच्यापासून चरबी बनते. तीन हात, तीन मेदाम्लं, तीन एस्टर जोड, म्हणून ट्रायग्लिसराइड.

खोबरेलात जवळपास निम्मं मेदाम्ल लॉरिक, १२ कार्बनांचं. खोबरेलाचा वितळबिंदू २४ अंशांच्या आसपास, म्हणून पौषातल्या पहाटे बाटलीत गोठतं आणि दहा वाजता पुन्हा पातळ होतं. ते गोठलं म्हणजे भेसळ आहे असं नव्हे.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, कोणी कोकमेलही म्हणतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून निवत आली की मुठीत दाबून गोळे करतात. त्यात १८ कार्बनांचं स्टिअरिक आम्ल निम्म्याहून थोडं जास्त, उरलेल्यात ओलेइक मोठं. यापेक्षाही महत्त्वाची आहे ती मांडणी. बहुतेक रेणूंत ग्लिसरॉलच्या बाहेरच्या दोन हातांना स्टिअरिक आणि मधल्या हाताला ओलेइक असतं. बहुतेक रेणू एकसारखे असल्यामुळे ते विटांसारखे नीट रचले जातात, आणि चरबी ४० अंशांच्या आसपासपर्यंत घट्ट राहते. पायाच्या भेगांना लावायचं तर आजी तो गोळा पळीत तापवून घ्यायची, त्याचं कारण हेच. सौंदर्यप्रसाधनवाले आज हीच चरबी कोकम बटर म्हणून विकत घेतात.

खोबरं आणि तेल पावसाळ्यात खवट का होतं?

जोड पाण्याने तुटतो म्हणून. ओलसर खोबऱ्यावर बुरशी धरली की तिची विकरं ट्रायग्लिसराइडचे जोड तोडतात आणि मेदाम्लं मोकळी होतात. मोकळ्या लॉरिक आम्लाची चव साबणासारखी लागते. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल खवट होतं ते बहुतांशी हवेतल्या ऑक्सिजनमुळे, दुहेरी बंधांवर. खोबरेलात दुहेरी बंध फार कमी, त्यामुळे ऑक्सिजन त्याचं फारसं बिघडवत नाही. त्याचा शत्रू ओल. घाण्यावर नेण्याआधी खोबरं कडकडीत वाळलेलं हवं आणि बरणी कोरडी हवी.

प्रयोगशाळेत एस्टर करताना संहत सल्फ्युरिक आम्ल का घालतात? आणि सगळं मिश्रण एस्टर का होत नाही?

सल्फ्युरिक आम्ल दोन कामं करतं. उत्प्रेरक म्हणून वेग वाढवतं आणि बाहेर पडलेलं पाणी शोषून घेतं. पाणी काढावं लागतं, कारण ही अभिक्रिया उलटीही चालते. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी १८६२ साली मोजून पाहिलं: ॲसिटिक आम्ल आणि इथॅनॉल समप्रमाणात घेतले तर सुमारे दोन तृतीयांशाचं एस्टर होतं आणि तिथे तोल साधतो. कितीही वेळ तापवत बसा. पुढे सरकायचं असेल तर पाणी काढा, नाहीतर एक घटक जादा घाला. माझ्या पहिल्या वर्षी ओल्याच परीक्षानळ्या वापरल्यामुळे अर्ध्या वर्गाला वासच आला नव्हता. तेव्हापासून नळ्या आदल्या दिवशी वाळवून ठेवतो.

वास पाहताना नळी थेट नाकाशी नेऊ नका. मिश्रण खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओता, उरलेलं आम्ल मरतं आणि एस्टर वर तरंगतं. मग हाताने वारा घेऊन हुंगा.

बाहेर पडणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन आम्लातला की अल्कोहोलमधला?

नेहमीच्या परिस्थितीत आम्लातला. रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ साली जड ऑक्सिजन-१८ असलेलं मिथॅनॉल बेंझोइक आम्लाबरोबर घेतलं. जड ऑक्सिजन एस्टरात सापडला, पाण्यात नाही. आम्लाचा ‘ओएच’ जातो, अल्कोहोलचा फक्त हायड्रोजन. बारावीला हा प्रश्न हमखास विचारला जातो, पण मला तो आवडतो तो वेगळ्या कारणाने. डोळ्यांना न दिसणारा अणू कुणाचा, हे माणसाने खूण करून शोधलं.

साबण बनतो तेव्हा एस्टरचं काय होतं? मुठेलाचा साबण करता येईल का?

अल्कली एस्टराचा जोड तोडते, ग्लिसरॉल सुटतं आणि मेदाम्लाचं लवण, म्हणजे साबण, उरतं. याला साबणीकरण म्हणतात. ही अभिक्रिया उलटी फिरत नाही, कारण तुटलेलं आम्ल लगेच लवण होऊन बसतं.

मुठेलाचा साबण होतो, कडक आणि चांगला होतो, पण कॉस्टिकचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं, प्रमाण खोबरेलाचं वापरू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. १ किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, १ किलो मुठेलाला साधारण १३५ ग्रॅमच. खोबरेलाच्या साखळ्या आखूड, म्हणून रेणू लहान, म्हणून एका किलोत रेणू जास्त आणि तोडायचे जोडही जास्त. मी खोबरेलाचा आकडा धरून मुठेल घेतलं, जादा कॉस्टिक साबणात तसंच राहिलं आणि चार दिवस हाताची साल निघत होती. साबणासाठी प्रत्यक्षात या आकड्यांपेक्षा थोडं कमीच घ्या. कॉस्टिक नेहमी पाण्यात घाला, पाणी कॉस्टिकवर ओतू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको.

एक गोष्ट खलाशी जाणतात. खाऱ्या पाण्यात इतर साबणाचा फेस होत नाही, खोबरेलाच्या साबणाचा होतो. आखूड साखळीचं लवण मिठाच्या पाण्यातही विरघळतं. बोटीवर गोडं पाणी जपून वापरावं लागे तेव्हा दर्यावर्दी लोक असाच साबण बरोबर नेत.

कोकमाचं आम्ल एस्टर आहे का?

ताज्या सालीत मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, ते आम्लच. पण त्याच रेणूत अल्कोहोलचे गटही आहेत. त्याचं द्रावण तापवून आटवलं की त्यातलं काही आम्ल स्वतःशीच जोडलं जाऊन लॅक्टोन होतं. म्हणजे आटवताना आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या दाट रसाच्या, पातेल्यात एस्टर बनत असतं, कोणी न घालता. कोकमाच्या अर्काच्या गोळ्यांत हे आम्ल बहुधा कॅल्शियम किंवा पोटॅशियमच्या लवणाच्या रूपात बांधतात, कारण मोकळं ठेवलं तर ते लॅक्टोनकडे सरकतं.

उंडीच्या तेलाचं डिझेल होतं म्हणतात, ते काय?

उंडी या झाडाच्या बियांच्या गरात तेल भरपूर, पण ते खाण्याचं नाही. पूर्वी दिव्यात जाळत. ते तसंच इंजिनात घालता येत नाही, फार दाट असतं. मग जोडीदार बदलायचा. तेलात मिथॅनॉल आणि अल्कली घालून ६० अंशांच्या आसपास ढवळलं की मेदाम्लं ग्लिसरॉलला सोडून मिथॅनॉलला धरतात. तयार होतात मिथाइल एस्टर, म्हणजे बायोडिझेल. एका मोठ्या रेणूचे तीन छोटे झाले, म्हणून दाटपणा गेला. तळाशी ग्लिसरॉल बसतं.

उंडीत एक अडचण आहे. तिच्या तेलात मोकळी मेदाम्लं बरीच असतात. थेट अल्कली घातली तर त्यांचा साबण होऊन सगळं फेसाळतं. म्हणून आधी मिथॅनॉल आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून मोकळ्या आम्लांचं एस्टर करून घ्यायचं, मग अल्कलीचा टप्पा. घरी हे करू नका. मिथॅनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, आणि ते पेटतंही पटकन.

फायबरची होडी आणि एस्टर यांचा काय संबंध?

होडीच्या कामात काचेच्या मॅटवर जे रेझिन मारतात ते बहुतेक वेळा असंपृक्त पॉलिएस्टर असतं. म्हणजे एस्टराच्या जोडांची साखळी, स्टायरीनमध्ये विरघळवलेली. शेडमध्ये जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. हार्डनर घातल्यावर एस्टर बनतं असं बरेच जण समजतात, तसं नाही. एस्टराचे जोड कारखान्यातच बनलेले असतात. हार्डनर फक्त साखळीतले दुहेरी बंध उघडून स्टायरीनच्या मदतीने साखळ्या एकमेकींत विणतो. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडू शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरा घाला.

काही वर्षांनी तळावर पाण्याचे फोड येतात, त्यामागेही एस्टराचा स्वभाव आहे. जेलकोटमधून, म्हणजे होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी हळूहळू झिरपतं, आतले काही जोड तुटतात, तुटलेल्या तुकड्यांचं द्रावण परासरणाने आणखी पाणी खेचतं, आणि फुगा येतो. फोड दिसला की नुसता रंग मारून भागत नाही. उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच भरा.

आंब्याच्या फवारणीचं औषध बोर्डो मिश्रणात मिसळलं तर चालेल?

नको. तुडतुड्यांसाठी मारतात ते डेल्टामेथ्रिन एस्टर आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही फॉस्फरसच्या आम्लांची एस्टर आहेत. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात चुना असतो, म्हणजे अल्कली. साबणात जे होतं तेच टाकीत होतं: जोड तुटतो, औषध निकामी होतं आणि पैसे चुन्यात जातात. फवारणी वेगवेगळी करा आणि डब्यावरच्या सूचना वाचा.

जुन्या ॲस्पिरिनच्या गोळीला व्हिनेगरसारखा वास का येतो?

ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल यांच्यातलं एस्टर. इथे अल्कोहोलची जागा सॅलिसिलिक आम्लातला ‘ओएच’ गट घेतो. कोकणातल्या दमट हवेत पाकीट फाटलेलं राहिलं तर गोळी ओल धरते, जोड तुटतो आणि ॲसिटिक आम्ल मोकळं होतं. वास आला तर ती गोळी घेऊ नका. हृदयाच्या डॉक्टरांनी रोजची म्हणून दिली असेल तर पट्टीतून एकेक काढून डबीत भरून ठेवायची सवय सोडा, पट्टीतच राहू द्या.